भविष्य अंगावर पडलं तेव्हा

मानवजातीचं भविष्य आमच्या घरच्यांनी एकदा आडवं केलं आहे. खांब बाबांनी पाडला. पुढची शोभा मी केली.

अठ्ठेचाळीस सालचा हिवाळा. रझाकारांच्या धामधुमीत आम्ही जीव मुठीत धरून वाशीमकडे दिवस काढले होते आणि नुकतेच गावी परतलो होतो. तेवढ्यात आखाडा बाळापूरच्या बाजारात एक मोठा तंबू लागला. बाहेर पाटी : 'मानवजातीचे भविष्य. आत या, उद्याच्या जगात वावरा!'

माझी बायको सत्यभामा पोटुशी होती. म्हणाली, "चला न जी. लेकरू कोणत्या जगात येऊन राहिलं, कळंल तरी."

मी चार बुकं शिकलेला. दाराशीच तिला आणि बाबांना बजावलं, "आत सगळं खोटं असतं. घाबरायचं न्हाई. माझा हात सोडायचा न्हाई!"

पहिल्या दालनात बटण दाबताच दिवा लागला. बाबांनी त्याला हात जोडले. दुसऱ्यात कापडी ढगांखाली दोरीवर विमानं फिरत होती. सत्यभामा पोटावर हात ठेवून बघत राहिली. "लेकराले तकलीफ न्हाई पडणार," हळूच म्हणाली.

तिसरं दालन काळंकुट्ट. भोंग्यातून आवाज आला, "आणि माणूस पुन्हा लढला तर?" लगेच पडद्यामागे कोणीतरी पत्रे बडवले. धडाड! धडाड! लाल उजेड पेटला.

"आले! पळा रे!" बाबा ओरडले.

कोण आले, हे आमच्या मुलखात त्या साली कोणी विचारत नसे. अख्खं दालन पळालं. बाबा थेट मधल्या खांबावर आदळले, खांब कलला आणि भविष्य आमच्या अंगावर कोसळलं.

"सत्यभामा!" कापडाखाली रांगत मी हाका मारत होतो. तिचा हात कधी सुटला, कळलंच नव्हतं. एवढ्यात एक हात सापडला. गार!

"भिऊ नको, मी हाय!"

उत्तर नाही. बेशुद्ध पडली असणार! खांद्यावर घेतली. जड लागली (दोन जिवांची बाई, लागणारच). रडत, धडपडत बाहेर आलो आणि ओरडलो, "पाणी आना! पाणी!"

पाणी सत्यभामेनंच आणलं.

बाबांना धरून ती केव्हाच बाहेर पडली होती. माझ्या खांद्यावर चंदेरी कपडे घातलेला, टकला, प्लास्टरचा पुतळा होता. तंबूवाला धावत आला आणि त्याला छातीशी धरून म्हणाला, "हा शेवटच्या दालनातला उद्याचा माणूस! भाऊ, लई उपकार झाले!"

बाबा जमिनीकडे बघू लागले. सत्यभामेनं तांब्या माझ्या हातात दिला. तिचे डोळे भरलेले होते. भीतीनं की हसून, मला अजून सांगता येत नाही.

"प्या," ती म्हणाली. "तुमाले साऱ्या मानवजातीचं बघा लागते. आमचं आमी पाहून घेऊ!"