नानांच्या कॉम्प्युटरमधला सुखदेव

हायवेला टायरचं दुकान असलं की टायर कमी आणि किस्से जास्त साठतात. टायर विकले जातात, किस्से पडून राहतात. नशिराबादजवळच्या माझ्या दुकानात सध्या सगळ्यात मोठा साठा नानांचा आहे. नाना म्हणजे शेजारचे ट्रान्सपोर्टवाले. चार ट्रक, सावद्याहून केळी भरून दिल्लीला. शिक्षण माझ्याइतकंच, म्हणजे सांगण्यासारखं नाही.

*

नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन महिने घरी बसवलं. दोन दिवसांतच अक्का, म्हणजे त्यांच्या मिसेस, रडकुंडीला आल्या. शेवटी मुलीने पुण्याहून येऊन कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम लावून दिला. सोबत प्लॅस्टिकचं स्टिअरिंग.

नाना हात लावेनात. पूजा झाल्याशिवाय मी गाडी काढत नाही, म्हणाले. अक्कांनी स्टिअरिंगला कुंकू लावलं, टेबलावरच नारळ फोडला. पाणी सगळं कीबोर्डमध्ये. मुलगी बिचारी नवा कीबोर्ड आणायला जळगावात पळाली.

नाना शांत. "गाडीवरचं संकट कीबोर्डावर गेलं. काम झालं."

*

या गेममध्ये आपण ट्रक घ्यायचे आणि त्यांवर पगारी ड्रायव्हर ठेवायचे. आपण बसून राहायचं, ते कमावून आणतात. नानांनी मुलीकडे चौकशी केली. हा उचल मागतो का? नाही. लग्नसराईत गावी जातो का? नाही. फोन बंद करून ठेवतो का? त्याला फोनच नाही.

नानांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. मग म्हणाले, "याचं गाव कोणतं ते बघ. तिकडचे अजून चार घेऊ."

*

आता ड्रायव्हर आले म्हणजे त्यांना गाडी कोणती द्यायची, हा प्रश्न आला. माझं म्हणणं, दमदार इंजिन दिलं तर तो जास्त कमावेल. उभ्या आयुष्यात मी हेच सांगून टायर विकलेत. नानांना पटेना. त्यांनी एकाला सगळ्यात महागडा ट्रक दिला, दुसऱ्याला सगळ्यात स्वस्त. दोघंही सारखेच नवखे. पंधरा दिवस आम्ही दोघं शेअर बाजार बघावा तसे बघत होतो.

कमाई जवळजवळ सारखीच! ड्रायव्हरचा अनुभव वाढला की आकडा वाढायचा, गाडी कोणतीही असो.

"आणि टायर?" मी विचारलं.

"झिजतच नाहीत."

त्या दिवशी मी चहा न घेता परत आलो.

*

स्वस्त ट्रकवरच्या त्या ड्रायव्हरला नानांनी सुखदेव म्हणायला सुरुवात केली. खरे सुखदेवभाऊ म्हणजे नानांचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, धुळ्याकडचे. अठरा वर्षं नानांकडे, आणि ट्रकही जवळपास तेवढाच जुना.

एकदा ते नानांना भेटायला आले, तेव्हा नानांनी कौतुकाने त्यांना गेमवर बसवलं. भाऊंनी अगदी मन लावून चालवलं. वळण आलं तशी सवयीने खिडकीबाहेर हात काढून मागच्याला थांबवलं. अक्का तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

चार कप गेले. मागची गाडी मात्र थांबली, असं भाऊ अजून सांगतात.

*

मग एक दिवस सुखदेवभाऊ पुन्हा नानांच्या घरी आले. मी तिथेच होतो. धुळ्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने त्यांना नवा ट्रक देऊ केला होता, एसी केबिनचा. भाऊंना जायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की जुन्या गाडीचा क्लच आता पायाला सोसत नाही, मे महिन्यात केबिनमध्ये बसवत नाही, तर नानांनीच एक नवी गाडी घ्यावी. नाहीतर या महिन्यानंतर ते धुळ्याला.

अठरा वर्षांचा माणूस. मला वाटलं, नाना विरघळतील.

नानांनी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. गाडीने कमाईत काही फरक पडत नाही, हे त्यांनी आकडे दाखवून पटवायला घेतलं. स्वस्त ट्रक दाखवला, त्याच्यावरचा ड्रायव्हर दाखवला.

"हा बघ इथला सुखदेव. स्वस्त गाडीवर आहे, एक शब्द बोलत नाही, आणि महागड्या गाडीवाल्याइतकंच आणतो."

भाऊंनी चष्मा लावून नीट पाहिलं. मान डोलावली. मग खिशातून ट्रकची किल्ली काढली आणि कीबोर्डावर ठेवली.

"नाना, मंग सकाय सावद्याले केया भराले त्यालेच धाडा."

आणि ते गेले. सावद्याची केळी दुसऱ्या दिवशी कोणी भरली, हे मी विचारलं नाही. आठवडाभर नानांनी मला बोलावलंच नाही.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, लगेच ये म्हणून. गेलो तर नाना कॉम्प्युटरसमोर. त्यांनी गेममधल्या सुखदेवला सगळ्यात महागडा ट्रक घेऊन दिला होता आणि आठवडाभर त्याच्यावर नजर ठेवली होती.

"एक पैशाचा फरक नाही. मी म्हणत होतो तेच खरं."

खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात कोरा करकरीत ट्रक उभा. एसी केबिन. सुखदेवभाऊ पुढच्या बाजूला लिंबू-मिरची बांधत होते.

मी नानांकडे पाहिलं. नानांनी स्क्रीन बंद केली.

"बाहेरच्या सुखदेवला हे सांगू नको."