बाभळीखालचे पाच दगड

माझी थोरली जाऊ रत्नम्मा, आम्ही तिला अक्का म्हणायचो, म्हणजे पायाला भिंगरी लावलेली बाई. लातूरला सिद्धेश्वराची जत्रा भरली की पहिल्याच दिवशी ही हजर. माझे थोरले दीर मलप्पा जाऊन वर्ष सरलं नव्हतं, तरी ही जत्रेच्या पाळण्यात बसली. लोकांनी नावं ठेवली. मी बी ठेवली, खोटं कशाला बोलू? तर मला म्हणते, "नागे, त्यांना पाळणा लई आवडायचा. आता त्यांच्या वाटचं बी मीच बसून घेते." काय बोलावं असल्या बाईला!

पण तिचा खरा जीव येळवशीवर. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे रानात. कडब्याची खोप घालायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. पूजा करायची, शेंगा-पाल्याची भज्जी, आंबील, खीर खायची, आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाबी हाक मारून जेवू घालायचं. वळखीचा असो नसो. जेवल्याबिगर गेला तर येळवस मोडली.

आमच्या घरातलं जे काही चांगलं झालं ते त्या रानातल्या बाभळीखाली झालं. अक्का शेजारच्या शेतात बापाबरोबर पाहुणी आली होती, तिला भज्जी वाढता वाढता सासूबाईंनी पसंत केली. तिच्या एकुलत्या एका लेकाचं, संगप्पाचं उष्टावण तिथंच झालं. पहिला घास खिरीचा, तो बी त्यानं आमच्या सासऱ्याच्या धोतरावर थुंकला. दगड मांडायचं काम घरच्या लेकाचं. मिसरूड फुटल्यापासून संगप्पा पहाटेच एकटा पुढं जायचा आणि आम्ही बायका पोचायच्या आधी बाभळीखाली पाच पांढरे दगड मांडून ठेवायचा. ते लांबून दिसले की अक्का डोक्यावरच्या आंबिलीच्या बिंदगीसकट पळायची.

लातूर जिल्हा झाला तवा हिनं गल्लीत साखर वाटली. "आता हाफिसं येतील, माझा संगप्पा हितंच चिकटतो बघ!" हाफिसं आली. संगप्पाला कुणी विचारलं नाही. वरून पाऊस रुसला, एक साल गेलं, दुसरं गेलं, विहिरीत उतरून बसावं एवढी ती कोरडी पडली. बैल छावणीत गेले आणि संगप्पा बायकोला घेऊन पुण्याला कंपनीत गेला. जाताना म्हणाला, पाऊस झाला की येतो. पाऊसच झाला नाही, त्याला तरी काय म्हणावं?

मग त्याला पोरगा झाला. पुण्याच्या एका ट्रकवाल्याकडं त्यानं निरोप धाडला, "येळवशीला घेऊन येतो. उष्टावण आपल्या रानातच करू." बस्स, त्या एका निरोपावर अक्का जगून राहिली. मी म्हणलं, "अक्का, अगं रानात हिरवं पान न्हाई, कसली येळवस?" तर माझ्यावरच खेकसली. "येळवस रानाची नसते, माणसांची असते. तू गप बस." संगप्पाची लहानपणीची चांदीची वाटी काढली, राखेनं घासघासून लखलखीत केली.

भज्जीला ओल्या शेंगा कुठल्या! वाळले हरभरे, वाटाणे भिजत घातले. खोपीला कडबा कुठला! तिचं एक जुनं इरकल लुगडं घेतलं. संगप्पा आदल्या दिवशी येईल म्हणून वाट बघितली, आला नाही. मी मनातून समजले. अक्का म्हणाली, "गाडी चुकली असंल. तसाच सरळ रानात येतोय बघ." आमचे मालक गुडघ्यानं अडलेले, म्हणून आम्ही दोघी जावाच निघालो. ती बिंदगी डोक्यावर घेऊन पुढं, मी टोपलं घेऊन मागं, तोंडानं पुटपुटत.

वाटेत एकबी खोप दिसली नाही. सगळं रान उघडंबोडकं. आमच्या बांधाला लागलो आणि अक्का एकदम थांबली.

बाभळीखाली पाच पांढरे दगड. ताजा चुना लावलेले, नीट मांडलेले.

"आला! नागे, माझा संगप्पा आला गं!" बिंदगी डचमळली, आंबील गालावरून वघळली, तिला भान नाही. "संगप्पा ए! कुठं लपलाय रं? लेकरू कुठंय?" विहिरीत वाकून बघितलं, बांधापलीकडं बघितलं. मी बी हसले, खरं सांगते. इतके दिवस त्या पोराला शिव्या घातल्या त्याची मलाच लाज वाटली. अक्का म्हणाली, "सूनबाईला आणायला फाट्यावर गेला असंल. तवर आपण मांडून घेऊ." लुगड्याची खोप केली, दगडांना हळदकुंकू लावलं, आंबील शिंपत "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत दोघी दगडांभवती फिरलो. चांदीच्या वाटीत खीर काढून तिच्यावर पान झाकलं आणि बसलो.

ऊन डोक्यावर आलं. फाट्याकडून एक माणूस येताना दिसला. अक्का उठून उभी राहिली. जवळ आला तर दुसराच कुणीतरी, खाकी सदरा, खांद्यावर लोखंडी साखळी. तरी रीत ती रीत. अक्कानं हाक मारली, "या बापू, जेवून जावा."

त्याचं नाव शेषेराव, सरकारी मोजणीवरचा शिपाई, किनवटकडचा. त्याला येळवस ठाऊक नाही. पानावर बसला आणि खोपीत बघून त्याचा घास हातातच राहिला. "मावशी, हे काय केलं? हे आमच्या हद्दीचे दगड हैत. हितं साहेबलोकांची कॉलनी होणार. उद्या रोवायचे, म्हणून चुना लावून वाळत ठेवले."

मी उठूनच उभी राहिले. "आमच्या रानात? कुणाला विचारून?"

"ज्यांच्या नावावर व्हतं आणि ज्यांनी विकलं, त्या मालकाला. परवा ते स्वतः हद्द दाखवायला पुण्याहून आले व्हते. चुना बी आमच्या संगं तेच लावू लागले. म्हणाले, दगड त्या बाभळीखाली ठेवा, हितंच बरे दिसतात. रातच्याच गाडीनं माघारी गेले."

परवा! घरापासून दीड कोसावर येऊन गेला मेला, आणि आईला तोंड दाखवलं नाही! माझ्या तोंडात आली ती शिवी मी घातली. अक्कानं माझ्या हातावर हात ठेवला.

"माझा लेक अंगानं वाळला व्हता का हो?" तिनं शेषेरावाला विचारलं.

"न्हाई, चांगले व्हते. लेकराचं उष्टावण झालं म्हणून आम्हा सगळ्यांना पेढे वाटले."

अक्कानं वाटीवरचं पान बाजूला केलं आणि ती खीर शेषेरावाच्या पानात वाढली. "खावा. उरवू नका." तो बिचारा खाली मान घालून खात राहिला.

"तुमचा साहेब रागावंल तुम्हाला," असं म्हणून तिनं खोपीचं लुगडं सोडलं आणि पदर ओला करून दगड पुसायला घेतले. कुंकू काही निघेना, चुन्यात पार मुरलेलं.

"राहू दे की अक्का," मी रडत म्हणलं.

"कसं राहू दे? त्यांचे दगड हैत." पाचवा दगड पुसताना मात्र तिचा हात थांबला. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "पण नागे, मी वळखलं ते बरोबरच व्हतं की. मांडले त्यानंच."