कीलचा लेप
त्या माणसाचा मी सूड घेतला, आणि घेताना मला मजाही आली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला सज्जन समजायला नको.

मी लालबागचा. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासून हात तयार झाला, आणि त्या हातावरच दक्षिण मुंबईतल्या एका क्लबात शिडाच्या होड्या दुरुस्त करायचं काम मिळालं. होडीच्या पोटाखाली जड लोखंडी पातं असतं, ते तिला कलंडू देत नाही. त्याला कील म्हणतात. कीलचा गंज खरवडायचा, खड्ड्यांत एपॉक्सीचा लेप भरायचा, तो कडक झाला की घासून गुळगुळीत करायचा. कडक झाला की नाही ते मी नखाने बघतो. नख रुतलं तर थांबायचं.

पहिल्याच वर्षी एका साहेबांच्या कीलमध्ये नख रुतलं. ‘‘उद्यापर्यंत थांबा,’’ मी म्हटलं. त्यांना शर्यतीची घाई. होडी उतरवली, पाण्यात लेपाचे पोपडे निघाले, होडी शेवटची आली. सगळ्या क्लबासमोर ते ओरडले, ‘‘मूर्त्या लिंपणारा माणूस हा! याला समुद्रातलं काय कळतं?’’ माझं काम गेलं. आई महिनाभर चाळीत सांगत होती, पोरगा रजेवर आहे म्हणून. तो महिना माझ्या डोक्यातून कधीच गेला नाही.

पुढे मी स्वतःचं काम सुरू केलं. यंदा त्याच साहेबांचा फोन आला. होडी खडकाला घासून कीलचा लेप फुटलेला, रविवारी शर्यत, आणि दुसरा कारागीर शिमग्याला कोकणात गेलेला. हलका माल भरून त्यांना बुडवणं सोपं होतं, पण हात धजावला नाही. शिवाय बदनामी पुन्हा माझीच झाली असती. काम मी चोख केलं.

रविवारी सकाळी लेपावर नख दाबलं. साधा ओरखडासुद्धा उठला नाही. क्रेनवाला पट्टे लावून तयार होता. साहेब आता सत्तरीचे, टोपी घालून उभे.

‘‘काय रे, उतरवायची ना?’’

‘‘नाही साहेब. अजून कच्चं आहे.’’

बाकीच्या होड्या एकेक करून बाहेर पडत होत्या. साहेब त्यांच्याकडे बघत होते, मी साहेबांकडे. पोटभर बघून घेतलं. आता ते भडकणार, आणि इतकी वर्षं घोकलेलं सगळं मी त्यांना सुनावणार, याची वाट पाहत होतो.

क्रेनवाला म्हणाला, ‘‘साब, मला तर एकदम पक्का वाटतो. डाल देते हैं ना?’’

आजूबाजूला दहा-बारा जण जमले होते. साहेबांनी टोपी काढली.

‘‘नको. तो नाही म्हणतोय ना, मग नाही. मागे मी याचं ऐकलं नाही. चूक माझी होती, आणि बोल याला लावला.’’

हे वाक्य मला इतकी वर्षं चारचौघांत ऐकायचं होतं. ऐकायला मिळालं तेव्हा मी खोटं बोलत होतो.