घडीकाकूंचं टेबल

घडीकाकूंना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता शोधूनच काढावं लागेल. सगळी बिल्डिंग त्यांना घडीकाकू म्हणते आणि त्यांच्या नवऱ्याला इस्त्रीकाका. चेष्टा आहे, पण त्यात खोटं काही नाही. काका उभा जन्म एका लाँड्रीत इस्त्री फिरवत राहिले आणि गुडघे बोलायला लागले तेव्हा घरी बसले. काकू लग्नाआधी एका बाइंडरकडे कामाला होत्या, पुस्तकाचे छापील कागद दुमडायला. लग्न झालं, काम सुटलं, कागद मात्र सुटला नाही.

काय करायच्या त्या? तारे करायच्या. एकाच चौकोनी कागदाचा, कात्री नाही, डिंक नाही, नुसत्या घड्यांचा तारा. खिडकीत दोऱ्याने टांगला की उजेड त्याच्या पाकळ्यांतून आत यायचा. शिवाय झाकणाच्या इवल्याशा डब्या, आणि उघडलं की आत कौलारू घर टुणकन उभं राहील अशी कार्डं. वर्षअखेरीच्या सुट्ट्या आल्या की लोक असलं काहीबाही एकमेकांना द्यायला शोधतच असतात. माल धडाधड खपायचा.

खपायचा, पण नणंदेच्या टेबलावरून. काकूंची नणंद म्हणजे काकांची धाकटी बहीण. धाकटी नावालाच, बाकी सगळ्या घराची थोरली! तिच्या तोंडाला कधी कुलूप नसतं. सुट्ट्यांतल्या हस्तकलेच्या बाजारात तिचं वर्षानुवर्षांचं टेबल होतं, कापडी पिशव्या आणि मेणबत्त्यांचं. तिनेच पहिल्यांदा काकूंचे तारे पाहून म्हटलं होतं, "वहिनी, हे घरात कुजवतेस काय? दे इकडे, मी विकते." विकलेही तिने, पैसेही चोख दिले. तिला वाईट म्हणायची सोय नाही, हीच तर पंचाईत!

एका वर्षी काकू तिचा जेवणाचा डबा घेऊन बाजारात गेल्या. गर्दीत मागेच उभ्या राहिल्या. एक गिऱ्हाईक तारा हातात धरून विचारत होतं, "तुम्ही स्वतः करता?" आणि नणंदबाई सहज म्हणाल्या, "आम्ही बनवून घेतो." बस्स. तेवढंच. काकूंच्या हातातला डबा जड झाला. बनवून घेतो! म्हणजे मी कोण? गिरणी? त्या डबा ठेवून आल्या. पण वाक्य जे घशाशी अडकलं ते खाली उतरायचं नाव घेईना. भाजी चिरताना तेच, झाडताना तेच.

यंदा त्या उठल्या आणि बाजार भरवणाऱ्या बाईंकडे जाऊन स्वतःच्या नावाचं टेबल मागून आल्या. त्या बाई म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव. त्यांनी दाराजवळचं कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि बजावलं, "बाजार उघडायच्या आधी टेबल मालाने भरलेलं दिसलं पाहिजे. रिकामं दिसलं तर त्याच मिनिटाला दुसऱ्याला देईन, आणि पुढच्या वर्षी यायचे कष्ट घेऊ नका. बाहेर लोक खोके घेऊन उभे असतात."

"भरलेलं दिसेल," काकू म्हणाल्या.

नणंदेला कळलं तेव्हा तिचे डोळेच विस्फारले. "अगं, चार माणसांत तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही, तू काय विकणार?"

"शब्द कुठे विकायचेत, वन्सं? तारे विकायचेत."

आता खरी गंमत पुढे आहे. गंमत कसली, घोटाळा! बाजार परवावर आला होता. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ताऱ्यांनी आणि डब्यांनी गच्च भरली होती. शेवटची थोडी कामं टेबलावर पडली होती, नुकत्याच दुमडलेल्या, अजून फुगलेल्या घड्या. काकूंना बाजाराच्या हॉलवर जाऊन टेबल कुठलं ते बघून यायचं होतं. पायात चप्पल घालता घालता त्या काकांना म्हणाल्या, "अहो, तेवढ्या घड्या सगळ्या मोडून ठेवा हं. नीट मोडा, नुसता हात फिरवू नका."

काकांना तर आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. कारण आजवर काकूंनी त्यांना एकाही कागदाला बोट लावू दिलं नव्हतं. चहाचा कप घेऊन नुसते जवळ गेले तरी "लांब व्हा!" आणि आज चक्क काम सांगितलं!

आता ऐका. काकूंचा बाइंडर मालक घडी मोड म्हणायचा, म्हणजे घडीवर हाडाची चपटी पट्टी दाबून फिरव, घडी पक्की कर. त्याच्या दुकानात सगळे तसंच म्हणायचे आणि काकूंच्या तोंडात तोच शब्द बसलेला. पण लाँड्रीत? लाँड्रीत काय, तुमच्या-आमच्या घरातही, घडी मोडली म्हणजे उघडली! नव्या साडीची घडी मोडतात, ती काय दाबून ठेवतात?

काकांनी टेबलावरच्या घड्या मोडल्या. मग त्यांना आठवलं, "सगळ्या" म्हणाली होती. त्यांनी ट्रंक ओढली. एकेक तारा अलगद उलगडला, एकेक डबी उलगडली, आणि "नुसता हात फिरवू नका" हेही लक्षात होतंच, म्हणून इस्त्री तापवली. वर पाण्याचा फवारा मारला, शर्टावर मारतात तसा. माणूस मन लावून काम करत होता हो!

काकू दिवेलागणीला परत आल्या तेव्हा पलंगावर कागदांच्या सपाट, गुळगुळीत चळती लागल्या होत्या आणि काका घाम पुसत हसत होते. "बघ, एक सुरकुती दाखव."

 काकू दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. "हे काय केलंत?"

"तूच तर म्हणालीस, घड्या मोडा."

 तेव्हा कुठे काकूंना उमगलं, आणि रागावायचं कुणावर तेही कळेना. मेलेल्या बाइंडरवर रागावायचं, की स्वतःच्या जिभेवर? त्यांनी एक कागद उचलला. पाणी पिऊन मऊ झालेला, कुठे रंग फुटलेला. दुमडला तर घडी उभी राहीना, मलूल पडली. दुसरा, तिसरा, तीच गत. काकूंना रडू आलं, आणि त्या रडल्याही, पदर तोंडाला लावून, चांगल्या रडल्या. काका खाली बसले. "मी मूर्ख आहे," ते म्हणाले. "मला दोन शब्द सुनाव, पण रडू नकोस."

"शब्दानेच तर सगळा घोळ केलाय," काकू म्हणाल्या आणि नाक पुसून उठल्या. "जाड कागदाच्या डब्या वेगळ्या काढा. त्या वाचतील. तारे सगळे गेले. कपाटात कोरा कागद आहे तो काढा."

"परवा बाजार आहे गं."

"मला माहितीये परवा आहे ते."

दिवा लागल्यावर कागदाला हात लावायचा नाही, हा काकूंचा नेम होता, कारण पिवळ्या उजेडात घडीची रेघ दिसत नाही. म्हणजे हाताशी होता तो उद्याचा दिवस. उजाडल्याबरोबर त्या खिडकीशी बसल्या. काका चौकोन कापायला बसले. त्यांनी एकदा म्हणून पाहिलं, "मी पण दुमडू का? जन्मभर घड्याच घातल्यात." काकूंनी एक कागद दिला. काकांची घडी आली गोल गरगरीत, सदऱ्याची! "मऊ ठेवायची सवय आहे, गिऱ्हाइकाला टोचू नये म्हणून," ते ओशाळून म्हणाले. काकूंना त्या तशा स्थितीतही हसू फुटलं. "तुम्ही कापाच."

दुपारी नणंद आली. पलंगावरची चळत पाहिली, सगळं ऐकलं, आणि खरं सांगायचं तर तिलाही वाईटच वाटलं. "दादा, तू ना, कमाल आहेस!" मग ती काकूंजवळ बसली. "हे बघ वहिनी, माझ्याकडे पिशव्यांचा माल पडलाय. तो तुझ्या टेबलावर मांडू. भरलेलं दिसेल, बाई काही बोलणार नाही. फक्त पाटी माझी लावू, उगाच लोकांचा गोंधळ नको. आणि पुढच्या वर्षीपासून पूर्वीसारखंच, तू कर, मी विकते. काय धावपळ ही!"

काका हळूच म्हणाले, "ऐक ना तिचं. टेबल तरी हातचं जाणार नाही."

काकूंचे हात थांबले. मन डगमगलं, डगमगलं नाही असं कशाला सांगू? बोटांना रग लागली होती, आणि समोर एवढ्याशा ताऱ्यांचा एवढासा ढीग. पण ते 'बनवून घेतो' अजून खाली उतरलं नव्हतं.

"नको, वन्सं," त्या म्हणाल्या. "गेलं तर माझं टेबल जाईल. तुमची पाटी लावून राहिलं तर ते माझं कुठे राहिलं?"

"हट्ट आहे हा."

"हट्टच आहे."

नणंद फणकाऱ्याने उठली. "मग मर मरमर करून." आणि जाता जाता दारातून, "जेवून घे तेवढं," हेही म्हणाली. अशी ती.

अंधार पडेपर्यंत काकू उठल्या नाहीत. तरी सकाळी हॉलवर टेबलावर सगळं मांडलं तेव्हा अर्धंच भरलं. वाचलेल्या डब्या पसरून पसरून लावल्या, कपाटात राहून वाचलेली कार्डं उघडून उभी केली, तरी अर्धंच. अर्धी पांढरी चादर उघडी पडली. दारात साबणाच्या वड्यांचा खोका घेऊन एक माणूस उभा होता आणि त्याची नजर त्या चादरीवरून हलत नव्हती. पलीकडे नणंदबाईंचं टेबल ओसंडून वाहत होतं. काका काकूंकडे वळले. "आता?"

काकूंनी पिशवीतून कोरा कागद काढला, हाडाची पट्टी काढली, खुर्ची पुढे ओढली आणि त्या उघड्या अर्ध्या भागात कामाला बसल्या.

बाजारवाल्या बाई फेरीवर आल्या. "हे अर्धं रिकामं कसं?"

"रिकामं नाही," काकू मान वर न करता म्हणाल्या. "हा कारखाना आहे." आवाज थरथरत होता, पण हात नाही. "माल घरी बिघडला, म्हणून इथे करते. तुम्हाला घाई नसेल तर थांबा, एक होईल आत्ता."

बाई थांबल्या. साबणवालाही दोन पावलं आत आला. कागद वळला, दुमडला, पट्टी सर्रकन फिरली, परत वळला, आणि काकूंनी दोन्ही कडा धरून ओढल्या तसा तारा फुलला. काकूंनी तो चादरीवर ठेवला आणि दुसरा कागद घेतला. बाई म्हणाल्या, "मी फेरी मारून येते. तोवर ही चादर मला दिसता कामा नये." आणि साबणवाल्याला म्हणाल्या, "तुम्ही जरा थांबा."

दारं उघडली, गर्दी आली आणि नवाच घोळ झाला. लोक विकत घ्यायला लागले! एका आजींनी डबी उचलली तर काका हात जोडून म्हणाले, "आजी, जरा वेळाने नेता का? टेबल रिकामं दिसेल हो!" काकूंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. "द्या त्यांना!" इकडे एक तारा ठेवावा, तर तिकडून दोन वस्तू जाव्यात. चादर कमी होण्याऐवजी वाढायला लागली. काकूंच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, पुसायला हात मोकळा नव्हता. आणि लोक पाहत होते, पण दाराजवळचा कोपरा तो, बहुतेक जण एक नजर टाकून सरळ आत नणंदबाईंकडे जात होते. तेच टेबल त्यांच्या सवयीचं.

बाजारवाल्या बाईंची फेरी परत येताना दिसली. साबणवाल्याने खोका उचलून काखेत मारला.

तेवढ्यात काकूंच्या कानावर नणंदेच्या टेबलाकडचं बोलणं आलं. कुणी तरी बाई विचारत होती, दर वर्षीची असावी, "यंदा ते कागदाचे तारे नाही आणलेत? आम्ही खास त्यासाठी आलो."

काकूंनी कागद अर्धा दुमडलेला तसाच धरला. नणंद काय म्हणणार ते त्यांना पाठ होतं. संपले म्हणेल. यंदा बनवून घेतले नाहीत म्हणेल. दोघींची नजरानजर झाली. नणंदेने एकदा काकूंकडे पाहिलं, त्या उघड्या चादरीकडे पाहिलं, फेरीवर येणाऱ्या बाजारवाल्या बाईंकडे पाहिलं. आणि मग आपला तो खणखणीत आवाज काढला, आख्खा हॉल वळून बघेल असा.

"ते माझे नव्हतेच हो! ती बघा, दाराजवळ बसलीये ना, ती करते. माझी वहिनी. जा, जा, तिच्याकडेच जा. समोर करून देते!"

माणसं वळली. दोन, चार, मग घोळका. बघता बघता टेबलाभोवती एवढी दाटी झाली की बाजारवाल्या बाई टाचा उंचावून डोकावत राहिल्या. चादर काही त्यांना दिसली नाही. त्या साबणवाल्याला म्हणाल्या, "तुमचं आपण पुढच्या वर्षी बघू."

ती दर वर्षीची बाई सर्वांत पुढे होती. काकूंच्या हातातल्या ताऱ्याकडे टक लावून बघत तिने विचारलं, "हे तुम्ही करता?"

काका तोंड उघडणार होते. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तसे ते गप्प झाले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि समोरची घडी त्यांना नीट दिसत नव्हती, तरी त्यांनी पट्टी दाबून सर्रकन फिरवली.

"मीच करते," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून मीच करत आलेय."