आखणी राहिलेली मूर्ती

दादा गेल्यानंतर माझं देवापुढे बसणं चालू होतं, पण मन बसत नव्हतं. सकाळी आंघोळ करून अथर्वशीर्ष म्हणायचो. ओठ सवयीने चालायचे. डोळे मिटले की देवाचं रूप येईना, दादाचा उतरलेला चेहरा यायचा. आपली भक्ती आयुष्यभर नुसती पाठांतराचीच होती की काय, अशी शंका साठीनंतर येणं फार वाईट.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. पेणच्या एका गणपती कारखान्यात त्याने उभा जन्म आखणी केली, म्हणजे तयार मूर्तीचे डोळे बारीक कुंचल्याने उघडायचे. मी रोह्याला कंपनीत नोकरीला. आमच्या घरचा गणपती दरवर्षी त्याच्याच हातचा. सात वर्षांपूर्वी मूर्ती आणायला गेलो, तेव्हा तिचा एक डोळा मला किंचित तिरका वाटला. रात्रपाळी करून तसाच गेलो होतो, डोकं तापलेलं होतं. पण ते काही कारण नव्हे. चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो, "दादा, हात कापतो तुझा. कशाला देवाचं रूप बिघडवतोस? बस आता घरी."

त्याने मूर्ती बाजूला सरकवली. कुंचला पाण्यात बुडवला, पुसला आणि फळीवर ठेवला. मी शेजारच्या दुकानातून चकचकीत मूर्ती घेतली आणि एसटी पकडली. त्यानंतर मी त्याच्याकडे गेलो नाही. आधी रागाने, मग लाजेने, शेवटी नुसत्या सवयीने. गेल्या श्रावणात तो वारला. मी पोचलो ते थेट स्मशानात, आणि वहिनीला तोंड न दाखवता तिथूनच परतलो.

माघात बायकोने पोह्याचे पापड आणायला पेणला धाडलं. वाटेतलं गडब गाव मागे पडल्यापासून मी एसटीच्या खिडकीबाहेर पाहिलंच नाही. जुन्या बाजारात पापड-मिरगुंडांच्या दुकानातून पिशवी भरून घेतली. दादाच्या कारखान्याची गल्ली टाळायची म्हणून भलत्याच आळीत शिरलो. दारोदारी पांढऱ्या मूर्ती उन्हात वाळत होत्या. वळणं चुकत गेलो आणि समोर मूर्तिकलेचं एक लहानसं संग्रहालय आलं. इतकी वर्षं पेणला ये-जा, पण तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत पस्तिशीची एक बाई फडक्याने काचा पुसत होती.

"काका, आज बंद हाय. मी धूळ पुसाया आलेय."

मी वळलो. तिला काय वाटलं कोण जाणे. "उन्हातून आलाव, तर बघून जा," ती म्हणाली.

शाडू मळण्यापासून एकेक पायरी मांडून ठेवली होती. एका कपाटाशी माझे पाय थांबले. वीतभर उंचीची, रंगवलेली मूर्ती, पण डोळे कोरे. खाली चिठ्ठी होती, 'आखणीपूर्वी'. मूर्तीच्या पायाशी उंदीर निजलेला होता. लहानपणी मी हट्ट केला होता, उंदीर दमला असेल, त्याला झोपू दे. तेव्हापासून दादा आमच्या घरच्या मूर्तीचा उंदीर निजवायचा. फक्त आमच्याच.

"ही कोणी केली?"

"आमच्या कारखान्यातल्या दादांनी. आखणी मला त्यांनीच शिकवली. मागं कुंचला खाली ठेवला, तो परत धरला नाय. आम्ही म्हटलं, कोण बोललं तुम्हाला? तर म्हणाले, धाकटा बोलला, आणि खरं तेच बोलला." काच पुसता पुसता ती सांगत होती. "पण रोह्याच्या त्या भावासाठी दरसाल एक मूर्ती घडवायचे, रंग-आखणी मी करायची. चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत ठेवायचे. नाय आला, की कुणा अडलेल्याला द्यायचे. ही शेवटची. म्हणाले, हिचे डोळे आता नको, तो आला की त्याच्यासमोर आख. ते गेले. मला ही कुणाला देववेना, म्हणून इथं आणून ठेवली."

मी पिशवी खाली ठेवली आणि चपला काढल्या. तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "व्हय. नाक त्यांचंच हाय."

ती कारखान्यातून रंग-कुंचला घेऊन आली आणि कपाटातली मूर्ती बाहेर काढली. आपण संध्याकाळी भाजी निवडायला बसतो तशी जमिनीवर बसली आणि श्वास रोखून तिने आखणी केली. दुसरा डोळा उघडला तेव्हा मला मूर्तीकडे पाहवेना. मी जमिनीला कपाळ टेकलं. अथर्वशीर्ष आठवलंसुद्धा नाही. सात वर्षांत ती माझी पहिली खरी पूजा.

"न्या काका, तुमचीच हाय."

मी नेली नाही. तेवढा माझा हक्क उरला नव्हता. "वहिनी अजून तिथंच राहते?" एवढंच विचारलं.

वहिनी ओसरीवर बसली होती. मी पाय धरले तशी म्हणाली, "ऊठ रे. ते तुझ्यावर रागावले नव्हते. वाट बघत होते."

हे वाक्य मी रोज ऐकतो. ते सुखाचं नाही. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. बंद असलेल्या दिवशी त्या दारात मला कोणी नेलं, याचा उलगडा मी करत बसत नाही. नेलं त्याचे उपकार मानतो. आता देवापुढे बसतो तेव्हा काही मागत नाही, क्षमासुद्धा नाही. ती दरसाल तयार होती, घ्यायला मीच गेलो नाही. एवढं मान्य करतो, आणि मग पहिल्या शब्दापासून अथर्वशीर्ष म्हणतो.