साहेबरावचा काटा

साहेबराव मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचे फक्त पाय दिसले. जालन्याकडच्या टेंभुर्णीत आमच्या शाळेसमोर तातेरावांची प्रवासी नेणारी जीप उभी होती. ड्रायव्हर साहेबराव तिच्याखाली होता आणि मालक तातेराव वर उभे राहून ओरडत होते.

"दुसरा गिअरबॉक्स हाय ह्यो! क्लचवरचा पाय उचलत न्हाईस, मंग जळंल न्हाई तर काय?"

खालून आवाज आला, "मालक, आठाच्या गाडीत अठरा बसवता, टपावर ज्वारीची पोती. बैल न्हाई ती, शिव्या खाऊन चालाया."

"तिसरा जळाला की तू गेलास!"

ही १९७४ सालची गोष्ट. नोकरी टिकवायची तर गिअरबॉक्स कशानं तापतो हे सगळ्यांना दिसायला हवं, एवढं साहेबरावनं ओळखलं. त्यानं स्वतःच्या पैशानं जालन्याच्या भंगारातून मिलिटरीच्या गाडीचा एक मीटर आणला. वाटीएवढी तबकडी, मागं तांब्याची बारीक लांब नळी, नळीच्या टोकाला बोटाएवढं पितळी नळकांडं. नळकांडं गिअरबॉक्सच्या तेलात बसवायचं, तबकडी ड्रायव्हरसमोर. तेल तापलं की काटा चढतो.

"गुरुजी, शाळेतला थर्मामीटर देता का? ह्यो खरं बोलतो का, बघू."

हॉटेलातल्या उकळत्या पाण्यात आम्ही थर्मामीटर आणि नळकांडं दोन्ही बुडवली. काटा दोन अंश मागं होता. ते धरून साहेबरावनं काचेवर तांबडी रेघ ओढली. गिअरबॉक्सच्या तळाच्या, तेल सोडायच्या बोल्टासारखा दुसरा बोल्ट आणून गावातल्या ख्वाजामियाँच्या लेथवर त्यात नळकांड्यापुरतं भोक पाडून घेतलं. नळी सायलेन्सरपासून लांबून नेली, वीतवीत अंतरावर कातड्याच्या पट्टीनं बांधली.

"धग लागली तर खोटं बोलंल," तो म्हणाला.

मग काटा रेघेला टेकला की तो लिंबाखाली गाडी उभी करू लागला. लोक चिडायचे. "साहेबराव, काट्याला चहा पाजू का?" पण हळूहळू तेच लोक नव्या माणसाला म्हणू लागले, "नको बसू, काटा चढंल." तातेरावांना हे झोंबलं.

"गाडी माझी का काट्याची?"

दसऱ्याला तातेरावांच्या पत्नी मालनबाईंनी जीपची पूजा केली. स्टिअरिंगला, बॉनेटला हळदकुंकू लावलं, आणि नव्या यंत्राचाही मान म्हणून मीटरच्या काचेवर ओलं कुंकू भरून लावलं. काटाही दिसेना, रेघही. सीटा भरल्या. निघताना साहेबरावनं फडक्यानं काच पुसली.

तातेराव धावत आले. "माझ्या बायकोचं कुंकू पुसतो? माझं मरण मागतो व्हय रे?"

"मालक, काच पुसली."

"तुमी लोकांनी तुमचे देव सोडले, आता आमचे पुसता?"

साहेबरावच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला होता. मालनबाई पायरीवरून म्हणाल्या, "अहो, मीच नको तिथं लावलं. जाऊ द्या."

"तू आत जा!"

मीही मधे बोललो. कुणी ऐकलं नाही.

"चावी ठेव अन् निघ."

साहेबरावनं चावी बॉनेटवर ठेवली, पाना घेतला आणि गाडीखाली शिरला.

"आता काय करून राह्यला?"

"मीटर माझा हाय. तुमचा बोल्ट बसवून देतो."

त्यानं तेल स्वच्छ घमेल्यात उतरवलं, धूळ पडू नये म्हणून वर फडकं टाकलं, जुना बोल्ट आवळला. तेल परत भरलं आणि बाजूच्या भोकात बोट घालून पातळी पाहिली. एवढा वेळ तातेराव शिव्या देतच होते. साहेबराव बाहेर आला, हात पुसले.

"तेल बराबर हाय. अठरा बसवू नका."

नळीचं वेटोळं खांद्याला अडकवून तो पायी निघाला. तिसरा गिअरबॉक्स संक्रांतीच्या आधी जळाला. तेव्हाही तातेरावांनी दोष साहेबरावलाच दिला, त्यानं तेलात काही टाकलं म्हणून. गावात काहींनी ते खरंही मानलं.

साहेबरावनं पुन्हा दुसऱ्याच्या गाडीची चावी हातात घेतली नाही. आता टेंभुर्णीतच त्याची पिठाची गिरणी आहे. दळणं त्याची बायको सत्यशीला मोजून घेते. सोमवारी गिरणी बंद असते, यंत्र निवायला.