लानताईची काळी पट्टी

आमच्या लानताईला पिवळा रंग डोळ्यांसमोर नको. ताइनानच्या प्रयोगशाळेत आम्ही पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाच्या पातळ सौरपट्ट्या करतो. वजनाला कागदासारख्या हलक्या, उन्हावर वीजही झकास देतात. पण दमट हवा कडेनं आत शिरली की काळ्याच्या पिवळ्या पडतात, आणि संपलं! कडा बंद करायचं काम लानताईचं. वर्षानुवर्षं पट्ट्या पिवळ्या पडताहेत, पण ही बाई काही हटत नाही.

त्यात तिचा स्वार्थ आहे, ती लपवतही नाही. बुदाईच्या किनाऱ्यावर तिची आई कालवं फोडते. शेडचं छप्पर इतकं तकलादू, की काचेचं जड पॅनल चढवलं तर आईच्याच डोक्यावर यायचं. तिथे चालेल ती हलकी पट्टीच.

या खेपेला नव्या डिंकानं बंद केलेली पट्टी दीड महिन्यासाठी गरम वाफेच्या कपाटात गेली. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, को सरांनी बजावलं, "ही पिवळी पडली, तर हा नाद सोडायचा." लानताईनं कपाटावर हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ ठेवला. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे सगळेच ठेवतात. हिरवाच लागतो, दुसरा रंग म्हणजे अपशकुन.

आणि एका दुपारी बघतो तर काय, पाकीट पिवळं!

"कुणाचा हा उद्योग?" लानताई कडाडली.

को सर खाली मान घालून म्हणाले, "भूक लागली होती गं. हिरवं मीच खाल्लं. दुकानात दुसरं हिरवं नव्हतं."

"त्यापेक्षा माझा डबा खायचा होता की, सर!"

कपाट उघडायच्या दिवशी मला तर बघवेना. पण पट्टी या कडेपासून त्या कडेपर्यंत काळी कुळकुळीत! लानताई रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

सर हरखले. "काचेच्या कपाटात लावू, पाहुण्यांना दाखवायला."

"काचेच्या कपाटात काहीही टिकतं, सर. खाऱ्या वाऱ्यात टिकली तर खरी."

पट्टी बुदाईला गेली, शेडवर चढली.

परवा वादळ येऊन गेलं, तशी लानताई मिळेल त्या बसनं धावली. मीही गेले. शिडी लावून ती कडा चाचपत बसली. पट्टी काळी ती काळीच. खाली तिच्या विजेवर छोटा पंखा गरगरत होता.

"अगं, किती वेळ बघशील?" आई खालून ओरडली. "टिकली की नाही, ते मी सांगेन. तिच्याखाली रोज मी बसते. उतर, सुरी घे."

लानताई हसत उतरली आणि कालवं फोडायला बसली.